गेलं कुठी?

मोठीमाय पुण्याहून परत आली. लेकाकडे राहायला गेली ती करोनाच्याही आधी, मधात आली असेल तेव्हा आमची भेट नाही झाली, आणि परवा दुपारी मी ओट्यावर तुरीचे सोले काढत बसलो होतो तर समोर येऊन उभी. पाहतच राहिली. मला वाटलं आता नेहमीचे प्रश्न येतील, ते मला पाठ आहेत. बिमार होता काय, शुगर निघाली काय, कर्जागिर्जाचं टेन्शन घेतलं काय, एकानं तर हळूच बाजूला नेऊन "भाऊ, टीबी आता बरा होते बरं, गोळ्या फुकट भेटते" असंही सांगितलं होतं. मोठीमायनं यातलं काहीच नाही विचारलं. टोपल्यातले चार सोले तोंडात टाकले आणि म्हणाली, "एवढं मोठं वजन होतं बापू तुयं. गेलं कुठी?"

"कुठी म्हणजे? कमी झालं."

"कमी झालं तं झालं. पण कुठीतरी गेलं असंन ना?"

आता याला काय सांगावं. 112 किलोचा होतो मी, आता 74 च्या आसपास असतो. आसपास म्हणतो कारण घरात वजनकाटा ठेवायचा नाही हा माझा हट्ट आहे, रोज सकाळी उठून त्या आकड्याला तोंड दाखवायची मला अजिबात हौस नाही. कधीमधी कृषी केंद्रात गेलो की तिथल्या माल मोजायच्या काट्यावर उभा राहतो, चपला घालूनच. दुकानदार मागच्या खेपेला म्हणे, "भाऊ, तुम्ही तं एक युरियाची बॅगच उतरवली अंगावरून." मी म्हटलं बॅग 45 ची असते, माझे 38 च गेले. "मंग फुटकी बॅग म्हणा." तसं पाहिलं तर ती बॅग आधी 50 किलोची होती, 2018 पासून 45 ची झाली. तीही बारीक झाली, पण तिला कोणी विचारलं नाही शुगर निघाली काय म्हणून.

तर प्रश्न असा की 38 किलो गेले कुठं. लोकांना विचाराल तर शंभरातले नव्वद म्हणतील घामातून. अहो घामानं चरबी गेली असती तर आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, कूलरसमोरही गंजीफ्रॉक पिळून निघतो, आख्खा यवतमाळ जिल्हा जूनपर्यंत काडी व्हायला पाहिजे होता. काही म्हणतात सकाळच्या गरम पाण्यानं धुऊन निघते, त्यात लिंबू पिळलं तर लवकर निघते. शाळेतले सर म्हणतात ऊर्जेत रूपांतर. आणि हे फक्त आपलंच नाही बरं का, 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब छापला, तेव्हा त्यांनी तिथल्या डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना, जिमच्या ट्रेनर लोकांनाही हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुतेकांनी आपल्या सरांचंच उत्तर दिलं. खरा हिशेब असा निघाला की 10 किलो चरबी जळली तर त्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जातात आणि उरलेले 1.6 किलो पाणी होऊन. बस. म्हणजे माझं गेलं ते सगळं चरबीच धरलं तर 32 किलोच्या जवळपास मी नुसतं फुंकून टाकलं.

मोठीमायला मी हेच सांगितलं. श्वासातून गेलं म्हटलं, हवेत.

तिनं सोल्याचं टरफल थुंकलं. "मंग मी बी तं श्वास घेऊनच रायली ना जलमभर."

यावर खरं म्हणजे उत्तर आहे, नुसत्या श्वासानं काही होत नाही, आधी ते जळलं पाहिजे, जळायला खाण्यापेक्षा खर्च जास्त पाहिजे वगैरे, पण तोपर्यंत तिनं टोपलं स्वतःकडे ओढून घेतलं होतं आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं सोले काढायला लागली होती, त्यामुळे ते राहिलं.

पण डोक्यातून जाईना. कारण माझं बरंचसं चालणं शकुंतलेच्या रुळानं झालं. ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगू, मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी आपली ती छोटी गाडी, इंग्रजांनी इथला कापूस न्यायला घातलेली नॅरोगेज, आता बंद पडून काही वर्षं झाली. तिच्या बाजूनं सकाळी अंधारात निघायचं, उन्हाळ्यात तर पाचच्या आधी, आणि दिवस वर यायच्या आत घरी. सुरुवातीला इतकी धाप लागायची की मैलाच्या दगडावर बसून कुत्र्यांशी बोलायचो. आता ती सगळी धाप म्हणजे माझं पोटच होतं म्हणा की, तिथंच सोडून आलो. आणि दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. झाड आपला कार्बन हवेतूनच घेते, मातीतून नाही, कापसाचा धागा जवळपास सगळा त्यापासूनच बनतो. म्हणजे माझ्या पोटातला थोडासा का होईना भाग बोंडात गेला असणार, बोंडातून जिनिंगला, जिनिंगमधून 170 किलोच्या गाठीत, गाठ गेली असेल कुठं तिरुपूरला, आणि आता कोणी अनोळखी माणूस माझ्या ढेरीचं बनियन घालून फिरत असेल. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली असं बाहेर कुठं बोलू नका.

कापूस आणि वजन यांचं माझ्या डोक्यात आधीपासूनच काहीतरी जुळलेलं आहे. लहानपणी फेडरेशनला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, कापूस न्यायचा तर बैलगाडीच काट्यावर चढवायचे. आधी भरली गाडी, मग कापूस उतरवून खाली म्हणजे रिकामी गाडी, दोन्हीतला फरक तो कापूस. रांग इतकी मोठी की गाडीखाली झोपून रात्री काढाव्या लागायच्या, आणि आबाजी मला सोबत न्यायचे कारण मला कापसाच्या ढिगात झोपायची लय आवड. एकदा असाच झोपलो होतो तर गाडी काट्यावर चढली. काट्यावरचा माणूस ओरडला, "आबाजी, हे पोट्टं उतरवा, का कापसाच्या भावात घालता?" बाकीचे हसले. काही लोक खरंच तसं करायचे म्हणे, भरल्या गाडीत पोरगं बसवायचं आणि खाली गाडीच्या वेळेस पळवून लावायचं. आबाजी शांतपणे म्हणाले, "राहू दे त्याले. खाली गाडीच्या वख्ती बी बसवतो, मंग तं झालं ना बराबर?" मी दोन्ही वेळेस बसलो. नंतर त्यांनी त्या माणसाला तंबाखू दिला आणि मला एकट्याला काट्यावर उभं करायला लावलं. किती भरलो ते आठवत नाही, पण घरी जाताना रस्त्यात जो भेटेल त्याला ते सांगत होते, कापसाला काय भाव लागला ते नाही, पोट्टं किती भरलं ते. त्या वर्षी कापसाची ग्रेड पडली होती, हे मला फार नंतर कळलं.

असं कौतुक झाल्यावर माणूस बारीक कशाला होईल. गोळाभातावर फोडणीचं तेल पळीनं घ्यायचं, पाटोडीच्या रश्श्यावरची तर्री आधी आपल्या ताटात, रोडग्यात तुपाला जागा करायला अंगठ्यानं खड्डा. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी आणि साखरेच्या 4, हे आता माहीत आहे, तेव्हा माहीत असतं तरी मी तेलच घेतलं असतं.

सुरुवात कशानं झाली म्हणाल तर आशाताईच्या टेपनं. तीस वर्षांवरच्या लोकांचा सरकारी फॉर्म भरायला ती घरोघर येते, तंबाखू खाता का, दारू घेता का, आणि कंबर मोजते. पुरुषाची 90 सेंटीमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, 100 च्या वर गेली की 2. गुण जितके जास्त तितकं वाईट. मी पोट आत ओढून उभा. ती टेप धरून थांबली, काही बोलेना. मग म्हणाली, "दादा, श्वास सोडा आता, मले अजून तीस घरं फिराचे हाय."

पुढचं काही सांगण्यासारखं नाही खरं तर. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार आपल्याकडे सगळ्यांना माहीत, 1980 साली पंचविशीत आमदार झालेले, ढीगभर पदव्यांचे, 2004 मध्ये कोंढाळीजवळच्या अपघातात गेले. त्यांनी मांडलेलं दोनदा जेवणाचं सूत्र पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलं, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत, मधात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा, आणि वरून 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. प्रत्येक वेळी खाल्लं की इन्शुलिन सुटते, म्हणून वेळा कमी करा, हा त्यामागचा विचार. मला ते मानवलं. सगळ्यांना मानवेल असं नाही, इन्शुलिनच्या सुया घेणाऱ्यांनी तर माझं ऐकून काहीच करू नये. सोबत तेलाची पळी गेली, तिच्या जागी चमचा आला, भाकर परत आली.

मोठीमायनं शेवटी विचारलंच, केलं काय तू. मी म्हटलं, दोनदाच जेवतो.

"बस?"

"बस. त्याला प्लॅन म्हणतात."

ती हसली, तिच्या तोंडात आता पुढचे दोन दात नाहीत, आणि म्हणाली, "आमी जलमभर दोनदाच जेवलो बापू. सकाळची शिदोरी वावरात अन् रात्री घरी. कवा कवा तं एकदाच. तवा कोनी त्याले प्लॅन नाय म्हनलं."

मोठीमाय आमच्या भाऊकीतलीच, पण त्यांच्या वाट्याला कोरडवाहू बरड आलं, त्यामुळे ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, किलोवर. सकाळी दव असते तेव्हा कापूस ओला, वजनात जास्त भरतो, म्हणून मालक लोक ऊन वर आल्याशिवाय वेचू देत नसत. संध्याकाळी तिचं गाठोडं काट्याला लटकायचं तेव्हा ती काट्याकडे बघायची त्या नजरेनं मी कधी कृषी केंद्रातल्या काट्याकडे पाहिलेलं नाही. तिचं स्वतःचं वजन चाळीसच्या वर गेलं असेल असं वाटत नाही, चार बाळंतपणं धरून. तिला कोणी कधी विचारलं नाही की बिमार हायेस काय. बाई बारीक असते, वेचणारी तर असतेच, त्यात काय विचारायचं.

यावर मला काही सुचलं नाही तेव्हा. आत्ताही नाही.

तर वजन कमी करणं एकवेळ सोपं, ते तसंच ठेवणं कठीण, हे राजेहो कोणी सांगत नाही. वजन घटलं की शरीर काटकसर करायला लागते, बसल्या जागी आधीपेक्षा कमी जाळते आणि भूक मात्र वाढवते, जणू तुम्ही दुष्काळात सापडलात. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवली आहे, साडेतेरा किलोच्या वर कमी करून निदान वर्षभर टिकवलं अशा लोकांची, त्यातले बहुतेक रोज तासाभर काही ना काही अंगमेहनत करतात आणि सगळ्यात जास्त लोक आपलं साधं चालतात. थोडक्यात सुट्टी नाही. त्यांच्यातले बरेच जण आठवड्याला वजनही करतात, ते मी वाचून सोडून दिलं.

त्यांना एक बरं आहे पण, त्यांना चहा नाकारावा लागत नसेल. आपल्याकडे साखरेचा चहा नाही म्हटलं की समोरच्याच्या घरातली म्हातारी उठून विचारते काऊन, आमच्या घरचा चालत नाही काय. मग जमिनीचे जुने वाद निघतात. पंगतीत तर ताटावर आडवा हात ठेवून बसावं लागते, आणि बुंदीवाला हातावरच बुंदी टाकून पुढे जातो.

आणि अंग गेलं तरी डोक्यातला जाडा माणूस काही गेला नाही. लग्नात प्लास्टिकची खुर्ची दिली की मी अजूनही आधी तिचे पाय तपासतो, एकावर एक दोन ठेवून बसायची सवय होती, कधीकधी अजूनही दोन घेतो आणि लोक बघतात. एसटीत तीनच्या सीटवर दोघं बसलेले असले तर उभा राहतो. काळीपिवळीवाला म्हणतो "या, मधात या," तेव्हा आधी मला वाटते तो दुसऱ्या कोणाला म्हणतो आहे.

आता पुढचं संकट म्हणजे 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला मी 33 अनारसे घेतले होते आणि त्यातले किती घरापर्यंत पोचले ते विचारू नका. सासूबाईंनी आत्ता जानेवारीतच फोनवर सांगून टाकलं, जावईबापू लयच उतरले म्हणते, यंदा धोंडे अन् अनारसे दोन्ही करते. मी म्हटलं आता मी दोनदाच जेवतो. त्या म्हणाल्या मग काय झालं, दोन्ही वेळेस आमच्याकडेच जेवा. बायको म्हणते अनारसे आणून वाटून टाकू, मोठीमायकडे पाठवू. ते बरोबर आहे. पण अनारसे तुपातले असणार, खसखस लावलेले, आणि मोठीमायला पुढचे दात नाहीत. पाहू.