अमावास्या संपल्यावर लागलेलं ग्रहण

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं आणि पाडवा २६ला. मधला मंगळवार ग्रहणाचा. त्याच्या महिनाभर आधी आई पंचांग घेऊन माझ्याकडे आली. "अरे, अमावास्या ४:१८ला संपतेय आणि ग्रहणाचा स्पर्श ४:४९चा दिलाय. अमावास्या संपल्यावर सूर्यग्रहण कसं लागेल?"

मला उत्तर देता आलं नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, एवढं शाळेपासून पाठ होतं. म्हणून ठरवलं की ठाण्यासाठी हे ग्रहण स्वतःच काढून बघायचं.

पहिला टप्पा सोपा निघाला. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे. ते दोन मार्ग जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्येला सूर्य यांच्यापैकी एकापासून १५ अंशांच्या आत असेल तर पृथ्वीवर कुठे ना कुठे ग्रहण होतंच, साडेअठराच्या पुढे असेल तर नाही. त्या दिवशी सूर्य केतूपासून सुमारे ११ अंशांवर होता. म्हणजे ग्रहण नक्की.

पण किती वाजता? इथे चंद्राने मला आठवडाभर दमवलं. त्याची सरासरी गती घ्यायची आणि तिला दुरुस्त्या लावायच्या. सगळ्यांत मोठी ६.२९ अंशांची, मग १.२७, ०.६६, ०.१९ अशा त्या लहान होत जातात. मी चारच घेतल्या आणि माझी अमावास्या पंचांगापेक्षा पाव तासाने चुकली. चंद्र सूर्याच्या तुलनेत तासाला जेमतेम अर्धा अंश सरकतो, त्यामुळे दशांश अंशाची चूक म्हणजे बारा मिनिटं! खरं गणित करणारे शेकडो दुरुस्त्या घेतात. शेवटी मी छापील बेसेल-अंक, म्हणजे त्या ग्रहणातली चंद्राच्या सावलीची जागा सांगणारे तयार आकडे, घेतले आणि पुढचं काम एक्सेलमध्ये मांडलं.

फ्रिड्रिख बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची एकोणिसाव्या शतकातली ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारं, चंद्राच्या सावलीला काटकोनात असलेलं एक सपाट प्रतल कल्पायचं. सावलीचा मध्य त्यावर कुठे आहे ते दर क्षणाला काढायचं आणि आपलं गावही त्याच प्रतलावर उतरवायचं. दोघांमधलं अंतर उपच्छायेच्या, म्हणजे सावलीच्या बाहेरच्या फिक्या भागाच्या, त्रिज्येइतकं झालं की स्पर्श. त्या ग्रहणात सावलीचा मध्य पृथ्वीच्या केंद्रापासून १.०७ पृथ्वी-त्रिज्यांवरून, म्हणजे पृथ्वीला चुकवून गेला. म्हणून ते जगात कुठेच खग्रास नव्हतं.

माझ्या पहिल्या उत्तरात मात्र वर्गमुळाखाली ऋण संख्या आली, म्हणजे ठाण्यात ग्रहणच नाही. दोन रात्री गेल्यावर कळलं की मी वापरलेल्या सूत्रात पश्चिम रेखांश धन होते. मी ७३ अंश घालून ठाणं थेट हैतीत नेऊन ठेवलं होतं. चिन्ह बदललं, आणि पृथ्वीचं फिरणं अगदी एकसारखं नसल्यामुळे गणिताचा काळ आणि घड्याळ यांच्यात पडलेला सुमारे ६९ सेकंदांचा फरकही वजा केला. स्पर्श ४:४९, ग्रहणमध्य ५:४२.

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच तक्त्यात होतं. गंमत म्हणून ठाण्याच्या जागी पृथ्वीचं केंद्र घातलं, तर सावलीचा मध्य ४:३०लाच सर्वांत जवळ आला. ठाणं परत घातलं की पुन्हा ५:४२. अमावास्या मोजतात पृथ्वीच्या केंद्रावरून. आपण उभे असतो पृष्ठभागावर, केंद्रापासून हजारो किलोमीटर लांब. चंद्र जवळ असल्यामुळे क्षितिजाशी तो जवळजवळ एक अंश खाली दिसतो, सूर्य मात्र जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. दुपारनंतर खाली म्हणजे पश्चिमेकडे, आणि चंद्राला तर सूर्याच्या पुढे पूर्वेकडे जायचं असतं. म्हणून तो मागे पडल्यासारखा दिसतो आणि ग्रहणाला उशीर होतो. यालाच आपल्याकडे लंबन म्हणतात. सूर्यसिद्धांतात सूर्यग्रहणाचा अध्यायच लंबनापासून सुरू होतो. मी तो भाग कधी वाचला नव्हता याची खंत वाटली.

आईला गच्चीवर नेलं. तिथून शेजारच्या पाण्याच्या टाकीआड मागचा मोबाइल टॉवर झाकला जातो, खालच्या मजल्यावरून जात नाही. तिला लगेच पटलं.

२५ तारखेला फटाक्यांचा धूर होता, तरी दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य नीट पडला. ४:४९ला काही नाही. ४:५० गेलं, माझ्या हाताला घाम. ४:५१ला कडेला बारीकशी खाच दिसली, आणि ती वाढत गेली. स्पर्शाचा क्षण नुसता डोळ्याला लगेच कळत नाही, थोडी कड झाकली गेली की मगच कळतो. सूर्य ग्रस्त अवस्थेतच मावळला.

"मग सकाळी ग्रहण असेल तर उलटं होईल का रे?" आईने विचारलं. आम्ही २०१९चं पंचांग शोधून काढलं. २६ डिसेंबर, अमावास्या संपली १०:४३ला. आणि ग्रहणमध्य साडेनवाच्याही आधी.