एमएच-०९ चा टेम्पो केए-२२ होईपर्यंत

चिरमुऱ्याला वजन नसतं, जागा मात्र फार लागते. माझ्या छोट्या हत्तीत चाळीस पोती रचली की वरून दोरी आवळायला हात पुरत नाही, आणि काट्यावर घातली तर गाडी निम्मीही भरलेली नसते. त्यामुळे बेळगावातल्या आमच्या चिरमुऱ्याच्या भट्टीच्या धंद्यात गाडीचा खर्च पोत्यावर फार चढतो. तो दरात नीट धरला नाही, तर रात्रभर धगीसमोर उभं राहून हातात काही उरत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर आमचा जुना टेम्पो बसला. नवा परवडणारा नव्हता. गडहिंग्लजच्या ओळखीच्या मामांकडून २०१८ चा टेम्पो घेतला, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगचा. तो बदलून बेळगावचा केए-२२ नंबर घ्यायचा विषय काढला तर भावोजी म्हणाले, "वैनी, घाई कशाला? बारा महिने हायत की."

बेळगावात हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि त्यात तथ्यही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. २०१४ साली कर्नाटकाने बाहेरच्या गाडीला ३० दिवसांनंतर लाइफटाइम कर लावायचा नियम केला होता, तो उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला. सीमाभागात त्याची चर्चा इतकी झाली की बारा महिने एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. पण आपलीच गाडी घेऊन इकडे राहायला येणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि गाडी विकत घेणाऱ्याची वेगळी. विकत घेतली की ५०वं कलम आधी लागतं: घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाचा अर्ज द्यायचा. मला हे कळलं तोवर दोन महिने मामांच्याच नावावर गाडी पळत होती. त्या दोन महिन्यांत पाटणे फाट्यावर कुणाला धक्का लागला असता तर नोटीस मामांच्या दारात गेली असती. विश्वासाने गाडी देणाऱ्या माणसाला आपण कशात अडकवत होतो, हे समजल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग कागद गोळा करायला लागले. पहिली अडचण आरसीवरच होती. एका पतसंस्थेचा बोजा अजून नोंदलेला. मामांनी कर्ज फेडून दोन वर्षं झाली होती, पण बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का घ्यायचा राहिला होता. त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. दोन जुनी ई-चलानं निघाली, ती मामांनी भरली. त्यानंतर एनओसीचा, म्हणजे ना-हरकत दाखल्याचा फॉर्म २८. त्याच्या प्रत्येक प्रतीवर चेसिस नंबरची छाप लागते. मामा टेम्पोखाली आडवे झाले, चिंधी रॉकेलमध्ये भिजवून चिखल आणि ग्रीस पुसलं, नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली. पहिल्या दोन छापांत शेवटचा आकडा उठेना. माझी मुलगी बॅटरी धरून बसली होती, तिने पेन्सिल हातात घेतली आणि हलक्या हाताने तिसरी छाप स्वच्छ काढली. पुढे कन्नडमधल्या सूचनाही तिनेच वाचून दाखवल्या. शाळेतलं तिचं कन्नड आमच्या घरात सगळ्यात पक्कं.

इकडे नव्या नंबराचा फॉर्म २७, मालकी बदलाचे २९ आणि ३०, गाडीची तपासणी, आणि मग कर. मामा तिकडे वर्षाच्या वर्षाला कर भरायचे. आपल्याकडे छोट्या मालवाहू गाडीला लाइफटाइम कर एकरकमी. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम उतरते हे खरं, तरी एकदम भरायची म्हटली की भार पडतोच. भात खरेदीला बाजूला ठेवलेले पैसे मी त्यात घातले. भात कमी घेतला, आणि उरलेला महिन्याभराने चढ्या दराने घ्यावा लागला. हा फटका कराच्या पावतीवर कुठेच दिसत नाही, पण धंद्याला तो कराइतकाच बसला.

एजंटाने यादीत परमिटचे पैसेही लावले होते. ते मी काढायला लावले. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, ६६व्या कलमातच तशी सूट आहे. नवीन नंबर म्हणजे नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, तेवढा खर्च मात्र चुकत नाही.

नंबर हातात आला आणि १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के झाला, लिटरला दोन रुपये वाढले. जून २०२४ मध्ये आधीच तीन वाढलेले. मी वही घेऊन बसले. महिन्याला १८० लिटर डिझेल, पाच रुपयांनी ९०० रुपये. महिन्याच्या २४ फेऱ्या, ९६० पोती. म्हणजे नुसत्या डिझेलच्या करवाढीचा पोत्यामागे जवळजवळ एक रुपया. लाइफटाइम कर, पाटी आणि विमा पाच वर्षांवर पसरून त्यात मिळवला, आणि पोत्यामागे दोन रुपये वाढवायचं ठरवलं.

शिनोळीचा दुकानदार म्हणाला, "अक्का, भात तर स्वस्त झालाय, मग हे कसले दोन रुपये?" मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्याने सगळे आकडे वाचले, काही बोलला नाही आणि नेहमीची बारा पोती उतरवून घेतली. चंदगडच्या एका दुकानाने मात्र माल बंद केला, ते गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालगाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. "थोडं थांबलो असतो तर नवीच घेतली असती," असं भावोजी आजही म्हणतात. पण दिवाळीनंतर जवळजवळ वर्षभर भाड्याच्या गाडीने माल पोचवला असता, तर माझी निम्मी दुकानं तुटली असती. मालगाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा जीएसटीही १२ चा ५ झाला, त्याचा फायदा पुढच्या हप्त्यात मिळेल.

टेम्पोला २०२६ मध्ये आठ वर्षं होतील. त्यानंतर फिटनेसची तपासणी दोन वर्षांनी नाही, दरवर्षी. त्यासाठी या महिन्यापासून पाचशे रुपये वेगळ्या डब्यात टाकतेय. भात खरेदीच्या पैशाला आता हात लावायचा नाही.