मिलिशियातला शिपाई शोधताना: आधी कायदा बघा, मग माणूस

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायाचा माग काढायचा म्हटलं की बहुतेक जण हजेरीपटापासून सुरुवात करतात. माणूस मिलिशियातला, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या स्थानिक नागरिकांच्या फौजेतला, असेल तर तिथेच अडकतात. कॉन्टिनेन्टल आर्मी म्हणजे सगळ्या राज्यांची मिळून उभी केलेली नियमित फौज. तिच्यातला शिपाई वर्षाच्या, तीन वर्षांच्या किंवा युद्ध संपेपर्यंतच्या बोलीवर भरती व्हायचा, त्यामुळे त्याचं नाव महिन्यामागून महिने पटावर येत राहतं. मिलिशियावाला म्हणजे एरवी शेतकरी, लोहार, चांभार. बोलावणं आलं की दोन-तीन महिने जायचा आणि घरी परतायचा. त्याच्या कंपनीचे पट कप्तानाच्या घरी पडून राहिले, काही राज्याच्या दफ्तरात गेले, बरेच गेले ते गेलेच. वॉर डिपार्टमेंटकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या युद्धखात्याकडे, जे पोचलं होतं, त्यातलं पुष्कळ ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत जळालं.

त्यामुळे अशा माणसाची सगळ्यात भरघोस नोंद युद्धानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी तयार झाली, ती म्हणजे पेन्शनची फाइल. ती उघडल्यावर नाव-गाव वाचण्याआधी अर्ज कुठल्या कायद्याखाली केलाय ते बघावं. कायद्याने जे विचारलं ते फाइलमध्ये मिळतं. जे विचारलं नाही ते म्हाताऱ्याने आपणहून सांगितलं असेल तर नशीब.

१८१८ चा कायदा कॉन्टिनेन्टल सेवेसाठी होता. किमान नऊ महिने सेवा आणि गरिबी, या दोन अटी. साध्या शिपायाला महिना ८ डॉलर मिळायचे. अर्जांचा पूर आला, म्हणून १८२० मध्ये मालमत्तेची यादी सक्तीची झाली. या याद्या वाचायला फार मजा येते. एक गाय, दोन डुकरं, मोडकी किटली, आणि बऱ्याचदा घरात कोण-कोण आहे, त्यांची वयं काय, हेही. पण निव्वळ मिलिशियात असलेल्याच्या फाइलमध्ये ही यादी शोधू नका. सापडलीच, तर त्याने कॉन्टिनेन्टलमध्येही नोकरी केल्याचा किंवा निदान तसा दावा केल्याचा तो धागा आहे.

मिलिशियावाल्याचा खरा कायदा ७ जून १८३२ चा. त्यात गरिबीची अट गेली आणि मिलिशिया, राज्यांच्या फौजा, आरमार सगळे आत आले. एकूण सेवा दोन वर्षं भरली तर पूर्ण पगार, सहा महिने ते दोन वर्षं असेल तर त्या प्रमाणात. शिपायाचा पूर्ण पगार वर्षाला ८० डॉलर. समजा, एखाद्याने व्हर्जिनियात तीन-तीन महिन्यांच्या तीन फेऱ्या केल्या. नऊ महिने झाले, म्हणजे चोवीसातले नऊ, म्हणजे वर्षाला ३० डॉलर. हा हिशेब उलटाही करून बघावा: फाइलवर ३० डॉलर मंजूर दिसत असतील आणि अर्जात माणूस चौदा महिने सांगत असेल, तर पाच महिने कोणीतरी कापलेत. ते का कापले हे आतल्या पत्रव्यवहारात सापडू शकतं.

पट नसल्यामुळे अर्जदाराला कोर्टात उभं राहून शपथेवर सगळं सांगावं लागे. वॉर डिपार्टमेंटने सात प्रश्न ठरवून दिले होते. जन्म कुठे आणि कधी? वयाची नोंद आहे का, असल्यास कुठे? बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होतात, त्यानंतर कुठे-कुठे राहिलात, आता कुठे? नाव निघालं म्हणून गेलात, स्वखुशीने, की कोणाच्या बदली? अधिकारी कोण होते? सेवामुक्तीचा कागद मिळाला का? शेजारपाजारचं कोण तुमच्याबद्दल साक्ष देईल? वंशावळ लावणाऱ्यासाठी तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण त्यातून स्थलांतराचा रस्ता मिळतो: पेनसिल्व्हेनियातून शेनान्डोआ खोऱ्यात, तिथून नॉर्थ कॅरोलायना, पुढे टेनेसी. प्रत्येक काउंटीत जमिनीची खरेदीखतं आणि कराच्या याद्या शोधायच्या, म्हणजे भावंडं आणि सासरची माणसं हाताला लागतात.

चौथा प्रश्नही हलका समजू नका. सोळा वर्षांचा पोरगा बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या जागी गेल्याचे दाखले भरपूर आहेत, आणि बापाचं नाव अख्ख्या फाइलमध्ये कधीकधी त्या एका ओळीतच येतं.

सत्तरी ओलांडलेला माणूस पन्नास वर्षांपूर्वीचं सांगतोय, तेव्हा सन चुकणारच. त्याच्या सनावर विसंबू नये, त्याने सांगितलेल्या लढाईवर विसंबावं. किंग्ज माउंटन ७ ऑक्टोबर १७८०, काउपेन्स १७ जानेवारी १७८१, गिलफर्ड कोर्टहाउस १५ मार्च १७८१. या खुंट्यांना फेऱ्या टांगल्या की बाकीचा क्रम बऱ्यापैकी बसतो.

घराची माहिती मात्र खरी मिळते ती विधवेच्या अर्जात. १८३६ च्या कायद्याने पेन्शन मिळायला लग्न नवऱ्याची शेवटची सेवा संपण्याआधी झालेलं असावं लागे. १८३८ मध्ये ती मर्यादा १७९४ च्या सुरुवातीपर्यंत, १८४८ मध्ये १८०० पर्यंत आली, आणि १८५३ मध्ये तारखेची अट गेलीच. सगळं लग्नाच्या तारखेवर अडलेलं असल्यामुळे बायका मिळेल तो पुरावा पाठवत. इथे दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात लग्नाला कायद्याची अडचण नाही याची हमी म्हणून आधी जामीनपत्र करत. त्यावरची तारीख लग्नाची नव्हे, जामिनाची. जामीन राहिलेला माणूस मात्र टिपून ठेवा, तो बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो.

दुसरी चूक घरच्या बायबलच्या पानाची. फाइलमध्ये फाडून लावलेली ही पानं खरोखरच सापडतात, आणि मुलांचे जन्म त्यावर ओळीने लिहिलेले असतात. पण शाई बघा. १७७९ पासून १८०० पर्यंतच्या दहा नोंदी एकाच हातात, एकाच शाईत, एकाच जाडीच्या टाकाने असतील, तर त्या एका बैठकीत उतरवल्यात. मुखपृष्ठाचं पान सोबत असेल तर छपाईचं साल वाचा. बायबल १८१२ चं असेल तर १७७९ ची नोंद त्या दिवशी लिहिलेली असूच शकत नाही. ती खोटी ठरत नाही, पण वजन कमी होतं.

फाइलच्या क्रमांकाआधी ‘एस’ असेल तर शिपायाचा अर्ज, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेचा (नवऱ्याचे कागद त्यातच असतात), ‘आर’ असेल तर नामंजूर. ‘आर’ बघून फाइल मिटू नका. सेवा सहा महिने भरत नाही हे नामंजुरीचं नेहमीचं कारण, आणि ती भरते हे पटवण्याच्या धडपडीत शेजाऱ्यांची, मेहुण्यांची, जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं एकावर एक जमा होत. अशी फाइल मंजूर फाइलपेक्षा कितीतरी बोलकी निघते.

पटावरच्या नावाचेही सापळे आहेत. पेनसिल्व्हेनियात १७७७ च्या कायद्याने १८ ते ५३ वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावं कंपनीत नोंदवून कंपनीचे आठ वर्ग पाडत, आणि बोलावणं वर्गावर येई. म्हणजे नुसतं यादीत नाव असणं ही नोंदणी झाली, मोहिमेवर गेल्याचा पुरावा नव्हे. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ वाचून बापलेक जोडून टाकू नयेत. एकाच गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, नातं असो वा नसो. आणि १७५२ आधीच्या जन्मतारखा अकरा दिवसांनी सरकलेल्या दिसल्या तर दोन माणसं समजू नका, त्या वर्षी पंचांग बदललं. जानेवारी ते २४ मार्चमधल्या जन्माचं सालही एकाने मागेपुढे होतं, कारण आधी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं.

म्हाताऱ्याचा शेवट लागत नसेल तर १८४० ची जनगणना काढा. त्या वर्षी पेन्शनरांची नावं आणि वयं मुद्दाम वेगळी लिहिली गेली. पेन्शनर स्वतः कुटुंबप्रमुख नसेल तर ज्याच्या घरी राहतो त्याचं नाव शेजारी असतं. ते आडनाव अनोळखी वाटलं तर आधी जावई म्हणून तपासा.