समुद्रातली सकाळची बैठक

बार्बाडोसला येऊन मला आता आठ महिने झाले. दुरून काम करणाऱ्यांना वर्षभर राहू देणारा ‘वेलकम स्टँप’ हा परवाना या देशाने 2020 मध्ये सुरू केला आणि त्याच परवान्यावर मी इथे राहते आहे. काम आटोपले की पुस्तक घेऊन किनाऱ्यावर एकटीने बसायचे, एवढाच विरंगुळा मी येताना मनाशी धरला होता. पण या बेटावर विरंगुळा ही चारचौघांत बसून घ्यायची गोष्ट आहे, आणि हे मला कळले ते राजधानी ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बे या उपसागराच्या पाण्यात रोज सकाळी भरणाऱ्या बैठकीत.

इथली माणसे समुद्रावर पोहायला जात नाहीत, ‘सी बाथ’ घ्यायला जातात. पहाटे साडेपाचला याच उपसागराच्या पेबल्स बीचवर पोहोचले, तर जवळच्या गॅरिसन भागातल्या रेसकोर्सवरचे घोडे समुद्रात आंघोळीला आणलेले दिसतात. मोतद्दार लगाम धरून छातीभर पाण्यात चालत असतो आणि घोड्याचे फक्त डोके व मान वर तरंगत असते. घोडे परतले की माणसांची पाळी. साठी-सत्तरीच्या सात-आठ बायका डोक्यावरच्या गवती टोप्या न काढता पाण्यात शिरतात, छातीपर्यंत पाणी आले की गोल करून उभ्या राहतात आणि तासभर तिथून हलत नाहीत. पाण्याखाली हात सावकाश फिरत असतात, कोणी गुडघ्यांचा व्यायाम करत असते आणि वर गप्पा चाललेल्या असतात: लंडनहून कोणाची मुलगी आली, ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस कोणाच्या झाडाचे चांगले निघाले, रेडिओवरच्या निधनवार्तांमध्ये आज कोणाचे नाव होते.

पहिले दोन दिवस मी त्यांच्या जवळून मुकाट्याने पाण्यात गेले. कोणाच्या गप्पांत व्यत्यय नको, असा माझा विचार होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका आजींनी माझ्याकडे वळून, प्रत्येक अक्षर सुटे करून, ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. त्या आवाजात राग नव्हता, पण विसरलेला धडा आठवून देणाऱ्या शिक्षिकेची जरब होती. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, दवाखान्याच्या बाकावर बसताना, आधी आलेल्यांना येणाऱ्याने अभिवादन करायचे, ही इथली रीत आहे आणि ती समुद्रालाही लागू आहे. मी उत्तर दिले आणि गोल थोडा सरकून त्यात एक जागा झाली.

इथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्यात मोठ्या हॉटेलासमोरची वाळूही कोणाच्या मालकीची नाही, त्यामुळे एका रात्रीचे भरमसाट भाडे मोजणारा पाहुणा आणि शेजारच्या गल्लीतला कोळी एकाच पाण्यात उभे असतात. ते पाणीही विलक्षण नितळ आहे. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळी चुनखडकाचा असल्याने पाऊस जमिनीत मुरतो, गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहूनही स्वतःच्या पायाची बोटे मोजता येतात. नळाला येते तेही याच खडकातून गाळून निघालेले पाणी.

जुलैमधल्या एका सकाळी पावसाची जोरदार सर आली. मी धावत जवळच्या एका हिरव्यागार झाडाखाली जाऊन उभी राहणार, तोच त्याच आजी पाण्यातून ओरडल्या आणि हातवारे करत बाहेर आल्या. त्यांनी माझे मनगट धरून मला उघड्यावर ओढले. बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला होता आणि खाली लहान हिरव्या सफरचंदांसारखी फळे पडली होती. ते मँचिनील होते. या झाडाचा पांढरा चीक इतका जहाल असतो की त्यावरून ओघळलेल्या पावसाच्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात, आणि फळ तर तोंडाजवळही न्यायचे नाही. आम्ही दोघी भर पावसात भिजत उभ्या राहिलो आणि आजींनी मला किनाऱ्यावरची झाडे एकेक करून दाखवली: रुंद गोल पानांचे सी-ग्रेप बिनधोक, माड ठीक पण नारळाच्या खाली बसायचे नाही, लाल पट्टा दिसला की दूर. त्यांचे ऋण मी मानते.

सकाळी सातला घरी येऊन मी आईला फोन करते. भारतात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि तिचा चहा उकळत असतो. मग दिवसभर काम. शहरात जायचे असेल तर झेडआर पकडते. पांढऱ्या रंगावर तांबडा पट्टा असलेल्या या व्हॅनना त्यांच्या नंबर प्लेटवरच्या अक्षरांवरूनच हे नाव पडले आहे. साडेतीन बार्बाडोस डॉलरमध्ये कुठेही जाता येते, गाणी कानठळ्या बसतील इतकी मोठ्याने लागलेली असतात आणि चौघांच्या बाकावर पाचवा सहज मावतो. बसथांब्यांवर गावांची नावे शोधत बसावे लागत नाही; ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’ एवढ्या दोनच पाट्या असतात.

शुक्रवारी रात्री सारे बेट ऑइस्टिन्स या मच्छीमारांच्या गावाला लोटते. निखाऱ्यांवर भाजलेले मासे, सोबत ‘मॅकरोनी पाय’ ही चीज घालून भाजलेली मॅकरोनी आणि पर्यटकांची गर्दी, याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला तिथला एक कोपरा जास्त आवडतो, जिथे इस्त्रीचे कपडे आणि चकचकीत बूट घालून आलेली वयस्क जोडपी जुन्या गाण्यांवर अत्यंत शिस्तीत नाचत असतात.

मात्र माझा खरा संध्याकाळचा कार्यक्रम आमच्या गल्लीत असतो. बेट विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर साडेपाच-साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. त्याआधीच्या तासात रोड टेनिस रंगते. हा खेळ 1930 च्या दशकात याच बेटावर जन्मला. डांबरी रस्त्यावर सुमारे 20 फूट लांब आणि 10 फूट रुंद चौकोन आखायचा, जाळीऐवजी मध्ये 8 इंच उंचीची फळी उभी करायची, टेनिसच्या चेंडूची लव काढून टाकायची आणि लाकडी बॅटने 21 गुणांपर्यंत खेळायचे. फळी इतकी बुटकी असल्यामुळे खेळाडू सतत कमरेत वाकलेले असतात. गाडी आली की फळी उचलतात, गाडीवाला हात करतो, फळी पुन्हा जागेवर येते आणि वाद होता तिथूनच सुरू होतो.

कोपऱ्यावरच्या रम शॉपपुढे, म्हणजे गल्लीतल्या छोट्या दारूच्या दुकानापुढे, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटल्या जातात. काही न ठरवता असे एकत्र वेळ घालवण्याला कॅरिबियनमध्ये ‘लाइमिंग’ म्हणतात. अंधार पडला की इंचभर लांबीचे बेडूक शीळ घालू लागतात आणि तो आवाज पहाटेपर्यंत थांबत नाही.

गेल्या आठवड्यापर्यंत मी केवळ पाहणारी होते. परवा समोरच्या घरातले सुतारकाम करणारे गृहस्थ प्लायवुडचा तुकडा घेऊन आले, त्यावर माझा पंजा ठेवायला लावून त्यांनी पेन्सिलीने मुठीचे माप घेतले, आणि शनिवारी, ऊन उतरायच्या आत, बॅट हातात बसते का ते पाहायला यायला सांगून गेले.