एव्हिटामावशी आणि पदराची पिन

दुपारी साडीला फॉल लावत बसावं आणि समोर मोबाइल टेकवून काहीतरी लावून द्यावं, ही माझी जुनी सवय. हेमटाका घालताना मान खालीच असते, त्यामुळे समोरचं भिकार निघालं तरी आपलं काही बिघडत नाही. त्या दिवशी मात्र मान वर झाली. एक भारदस्त बाई बोलत होत्या. केस नीट बसवलेले, कानात ठसठशीत डूल, आवाजात लग्नघरातल्या थोरल्या जावेचा अधिकार. आमच्या देशातला वर्णभेद मुळात सगळ्यांच्या भल्यासाठीच कसा होता, हे त्या इतक्या मायेने समजावून सांगत होत्या की मी सुई तशीच धरून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने ट्यूब पेटली, हा तर बाप्या आहे!

पीटर-डर्क एस त्याचं नाव. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा, १९४५चा जन्म. अफ्रिकान्स, म्हणजे डचमधून निघालेली तिकडची भाषा, आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारा नाटककार. आणि बाईंचं नाव एव्हिटा बेझेडनहाउट. तिकडे लोक 'टॅनी एव्हिटा' म्हणतात, म्हणजे आपली एव्हिटामावशीच. जन्म वर्तमानपत्रात झाला तिचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पीटर-डर्क एका रविवारच्या पेपरात सदर लिहायचा, त्यात सत्ताधाऱ्यांच्या पार्ट्यांत मिरवणारी आणि नको ते सहज बोलून जाणारी ही बाई यायची. कागदावरची बाई पुढे रंगमंचावर आली ती कायमचीच.

आता खरं सांगायचं तर बाई बोलतायत काय, हे सोडून मी त्यांच्या कपड्यांकडेच बघायला लागले. खांद्याची शिवण खांद्यावर होती. हात कुठे ठेवायचे ते त्यांना माहीत होतं. बसताना गुडघे आपोआप जुळत होते. ही नजर मला आजीकडून आली.

आजोळ कुडाळजवळचं. देवळाच्या जत्रेत रात्री दशावतारी नाटक असे. आजी जेवणखाण उरकून गोधडी घेऊन पुढे जाऊन बसायची आणि मी तिच्या मांडीला टेकून. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करायचे, त्यात कुणाला नवल नव्हतं. नवल असलंच तर ते साडी कशी नेसलीय याचं. आजी आधी निऱ्या बघे, मग पदर, मग गाणं. एकदा राणीचं काम करणारा नट, तोच कंपनीचा मालकही, देवळामागे बिदागीवरून मानकऱ्यांशी हुज्जत घालत होता. अंगावर भरजरी साडी, गळ्यात माळा, चेहऱ्यावर रंग, आणि आवाज पूर्ण मालकाचा. 'इतक्यात होणा नाय' असं ठणकावून तो वळला आणि पदराची पिन तुटली. तसाच आजीसमोर आला. आजीच्या बांगडीला नेहमी दोन-चार पिना अडकवलेल्या असत. तिने त्याला वाकायला लावलं, ओठांत पिन धरून पदराच्या चुण्या पुन्हा घातल्या, आणि पिन लावता लावता 'इतक्या खाली पदर कोण घेता रे' म्हणून झापलंही. हा राणीसाहेब मान खाली घालून उभा. मग जाऊन त्याने असा काही विलाप केला की आजीनेच डोळे पुसले.

पुरुषाने साडी नेसली की माझा जीव वरखाली होतो तो या आजीमुळे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत दर चार मिनिटांनी कुणीतरी पुरुष छातीत उशा कोंबून, पदर कसाही फेकून, चिरक्या आवाजात येतो. लोक खिदळतात. मी चॅनल बदलते. बाईचे कपडे घातले एवढाच त्यातला विनोद, आणि कपडेही धड नाहीत! आता या ठिकाणी कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढणारच, म्हणून मीच काढते आणि पुढे जाते.

एव्हिटाचा विनोद बाई असण्यात नाहीच. बाई अगदी खरी, नीटनेटकी, अगत्यशील. हसू येतं ते तिच्या मतांचं. आणि ही मतं पीटर-डर्कला कल्पनेतून काढावी लागली नाहीत, सरकार रोज पुरवत होतं. वर्णभेदी सरकारने काळ्या लोकांसाठी 'स्वतंत्र देश' काढले होते. ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा, सिस्काय. झेंडे होते, राष्ट्राध्यक्ष होते, पण दक्षिण आफ्रिका सोडून जगात कुणी त्यांना मान्यता दिली नाही. पीटर-डर्कने काय केलं, तर आणखी एक देश काढला, बापेटिकोस्वेती, आणि तिथे एव्हिटामावशींना राजदूत नेमलं. खोट्या देशांच्या रांगेत एक खोटा देश. सरकार आक्षेप घेणार कशावर?

तसे आक्षेप त्यांनी आधी भरपूर घेतले होते. लंडनला चित्रपटाचं शिक्षण घेऊन हा परतला आणि केपटाउनच्या 'द स्पेस' थिएटरात रुजू झाला. अॅथॉल फ्यूगार्ड, ब्रायन अॅस्टबरी आणि इव्हॉन ब्राइसलँड यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं हे थिएटर. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र नाटक करायचं नाही, एकत्र बघायचं नाही, असा कायदा असताना इथे दोन्ही चालायचं. त्याच दशकात त्याच्या नाटकांवर बंद्या आल्या. 'डी फान आर्देस फान ग्रूटओर' नावाचं त्याचं अफ्रिकान्स नाटक तर रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकांची सरळ नक्कल होती, एका बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या, घराण्याचं रडगाणं. घरोघरी दुपारी रेडिओला कान लावून बसणाऱ्या बायकांना त्यातली मेख लगेच कळली असणार. आणि १९८१ मध्ये जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये तो एकटाच उभा राहिला. 'अॅडॅप्ट ऑर डाय', नाव पंतप्रधान बोथांच्याच एका गाजलेल्या वाक्यावर बेतलेलं. त्यात बोथाही तोच आणि मावशीही तोच.

ज्यांची टिंगल व्हायची त्यांतलेही काही पुढे तिच्या प्रेमात पडले म्हणतात. इथे मला तीच जत्रा आठवते. दशावतारात संहिता नसते, संवाद जागच्या जागी रचायचे. मध्यरात्र उलटल्यावर त्या राणीने वनवासाला निघताना मध्येच गावच्या रस्त्याचा विषय काढला. अशा रस्त्याने चालायचं तर वनवास वेगळा कशाला हवा, असं काहीतरी. सगळी जत्रा हसली. सरपंच पुढेच बसलेले, ते सगळ्यात मोठ्याने हसले. पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा रस्ता होता तसाच होता. म्हणून विनोदाने सत्ता हलते वगैरे कुणी म्हणालं की मी मान डोलावते आणि गप्प राहते.

पण हा माणूस नुसता गमत्या नाही, हे कळलं ते त्याच्या आईबद्दल वाचल्यावर. वडील हॅनेस, अफ्रिकानर, म्हणजे अफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांतले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. आई हेल्गा बासेल, बर्लिनची पियानोवादक. नाझींनी तिला वादक म्हणून काम करायला बंदी केली, तेव्हा ती पियानोसकट दक्षिण आफ्रिकेत आली. त्याच पियानोवर तिने मुलीला, टेसाला, शिकवलं. टेसा पुढे मोठी वादक झाली. १९६९ मध्ये आईने आत्महत्या केली आणि त्यानंतर मुलांना कळलं की ती ज्यू होती. माणसाचा वंश कागदावर लिहून त्यावरून त्याचं राहणं-जेवण-लग्न ठरवणाऱ्या देशात तिने मुलं वाढवली आणि स्वतःच्या कागदाबद्दल कधी बोलली नाही. पियानो आता बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात आहे. एव्हिटामावशी 'आमच्यात' आणि 'त्यांच्यात' असे शब्द इतक्या सहज वापरतात, ते मला त्यानंतर पहिल्यासारखं ऐकवेना.

वर्णभेद गेला. आता मावशीचं काय होणार, असं लोकांना वाटलं असेल. १९९४ मध्ये तिने टीव्हीवर चक्क नेल्सन मंडेलांची मुलाखत घेतली, आणि मंडेला तिच्याशी अगदी खेळीमेळीने बोलले. मग पीटर-डर्कने केपटाउनच्या उत्तरेला डार्लिंग नावाच्या छोट्या गावात जुनं रेल्वे स्टेशन घेतलं आणि १९९६ मध्ये तिथे थिएटर थाटलं. नाव 'एव्हिटा से पेरॉन', म्हणजे एव्हिटाचा फलाट. आत छोटा रंगमंच, खाण्यापिण्याची सोय, वर्णभेदाच्या काळातल्या भंगार वस्तूंचा पसारा. बागेत पुतळे, त्या बागेचं नाव 'बोअरॅसिक पार्क'. नाटककार, नट आणि मालक एकच. लिहायचं आपण, रंग आपण लावायचा, आणि वीजबिलाची काळजीही आपणच करायची. बिदागीवरून भांडणारी ती राणी इथे खूश झाली असती.

मावशीने पाककृतींचं पुस्तकही काढलंय. त्या बाजूला बोबोटी नावाचा पदार्थ करतात. मसाला आणि हळद घातलेला खिमा, त्यात मनुके, वर अंड्याचा थर देऊन भाजायचं. खिम्यात मनुके हे काही मला झेपणारं नाही. मावशीला मात्र त्याचा भारी अभिमान.

आणि मग एड्स. २००० च्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष म्बेकी एड्स एचआयव्हीने होतो याबद्दलच शंका काढत बसले आणि सरकारी दवाखान्यांत औषधं पोचायला उशीर झाला. त्या उशिरामुळे तीन लाखांहून जास्त माणसं गेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. त्या काळात पीटर-डर्क देशभरातल्या शाळांतून फिरत होता. फुकट. शेकडो शाळा, कुठे सभागृह, कुठे नुसतं पटांगण. मुलांना हसवायचा आणि हसता हसता कंडोम म्हणजे काय, तो कसा वापरायचा, नाही कसं म्हणायचं, हे सरळ शब्दांत सांगायचा. ज्याच्या नाटकांवर एका सरकारने बंदी घातली, तो दुसऱ्या सरकारने जे सांगायचं टाळलं ते सांगत हिंडत होता.

आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, 'हा घरी वाचा.' घरी कुणी वाचला नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर प्रश्नही विचारले गेले नाहीत.