मगरिबनंतर या म्हणजे कुठं या?

परवा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायला, सांगलीहून मिरजेला घेऊन गेलो. दुकानातले चाचा म्हणाले, "मगरिब के बाद आव." आता माझं उर्दू म्हणजे गझला ऐकून जमलेलं, त्यात मगरिब म्हणजे पश्चिम एवढं ठाऊक होतं, पण पश्चिमेच्या नंतर यायचं म्हणजे कुठं, कोकणात की काय! चाचा खो खो हसले. मगरिब म्हणजे सूर्य बुडाल्यावरची नमाज.

मग घरी येऊन डिक्शनरी उघडली आणि रात्रीचे बारा वाजले. सगळं अरबीतून आलेलं. गुरूब म्हणजे मावळणं, त्यावरून मगरिब, जिथं सूर्य मावळतो ती जागा आणि वेळही. मशरिक तसंच उगवण्यावरून. आपल्याकडंही म्हातारी माणसं उगवतीला, मावळतीला असंच बोलतात की. आणि आपला 'गरीब' पण ह्याच गुरूबच्या घरातला निघाला! अरबीत त्याचा अर्थ परका, अनोळखी, पैशाचा काही संबंध नाही. अजीबोगरीब म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

पण खरी मजा शुमालमध्ये, म्हणजे उत्तर. अरबीत शिमाल म्हणजे डावा हात. उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की उत्तर डावीकडं येते ना, म्हणून. येमेन देशाचं नाव उजव्या हातावरून आलं म्हणतात ते पण ह्याच हिशोबानं. दक्षिणेला उर्दूत जुनूब, ते 'बाजू' ह्या अर्थाच्या शब्दाजवळचं. आणि आपण काय वेगळं केलं? संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो तोच. त्या दक्षिणेचं दख्खन झालं आणि चाचा जी बोलतात ती दखनी. म्हणजे तिकडं वाळवंटात आणि इकडं आपल्याकडं, दोघंही सकाळी सूर्याकडं तोंड करूनच उभे होते.

तंबोरा आणायला गेलो तेव्हा चाचांना हे सगळं एका दमात सांगितलं. ते थोडा वेळ गप्प, मग उठून दुकानातच किब्ल्याकडं, म्हणजे नमाजाला मक्केच्या दिशेनं उभं राहतात तसं मावळतीकडं तोंड करून उभे राहिले आणि उजवा हात लांब केला.

"शुमाल तो इधर है ना?"

उत्तरच होती ती. डाव्या हाताचा शब्द मिरजेत येऊन उजव्या हाताला गेला होता.