छाती लिवा

मालवणकडचे रापणकर काका, साठी ओलांडलेले. कुडाळच्या आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत शर्टाची बटणं काढायलाच तयार नव्हते. उजव्या स्तनाग्रामागे दोन महिन्यांपासून दुखरी गाठ. मॅमोग्राफीत छाती दाबतात हे ऐकून तिला आधीच नकार दिलेला. "रापण ओढताना दोर लागलो असतलो," असं निदानही स्वतःच करून आलेले. मग यंत्राकडे बघत म्हणाले, "बाय, ह्यां मशीन बायकांचां मां?"

खोटं कसं बोलणार? स्तनांची सोनोग्राफी आपोआप करणाऱ्या अशा यंत्राला अमेरिकेत २०१२ साली चाळणी-तपासणीसाठी पहिल्यांदा मान्यता मिळाली, ती दाट, म्हणजे ग्रंथी जास्त असलेल्या स्तनांच्या बायकांसाठीच. सुमारे पंधरा सेंटिमीटर रुंद प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा भाग, छातीवर टेकवायचा, मग तो आपोआप सरकत आतल्या भागाचे शेकडो काप चित्रांत टिपतो. काकांच्या छातीवर मात्र तो नीट टेकेचना. खाली फासळ्या, वर केस, केसांत अडकलेली हवा, आणि पडद्यावर नुसत्या काळ्या पट्ट्या. यंत्र बनवणाऱ्यांनी केसाळ छाती बहुधा बघितलेलीच नसावी. लोशनची अर्धी बाटली ओतली, तेव्हा कुठे चित्र उमटलं.

काका मान वळवून बघत होते. "होडयेवरचां मासे दाखवणारां मशीन असांच दिसतां." अगदी बरोबर, तिथेही ध्वनीचा पडसादच मोजतात. इतकी वर्षं मी रुग्णांना हे समजावत आले, पण ही उपमा मला कधी सुचली नव्हती.

गाठ स्तनाग्राच्या बरोबर मागे, चकतीसारखी. कर्करोगाची गाठ बहुधा एका बाजूला, टणक, न दुखणारी असते. समोरून घेतलेल्या कापात आजूबाजूचे धागे तिच्याकडे ओढलेले दिसतात. इथे तसं काही नव्हतं. पुरुषांना हा कर्करोग क्वचित होतो, पण होतो, म्हणून हातातल्या प्रोबने रक्तप्रवाह आणि काख पुन्हा तपासली. काखेपर्यंत हे मोठं यंत्र नीट पोचत नाही.

मग त्यांची गोळ्यांची पिशवी उघडली. हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन, सहा महिन्यांपासून. ती पुरुषी संप्रेरकाला आड येते आणि पुरुषाची स्तनग्रंथी वाढू शकते; गायनेकोमास्टिया म्हणतात तो हाच. गोळी परस्पर बंद करू नका, हे तीनदा बजावलं आणि हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

रिपोर्ट घेताना काका घुटमळले. "बाय, ब्रेस्ट नको, छाती लिवा. मेडिकलवालो गावचोच आसा."

शब्द बदलता येणार नव्हता. मी पाकीट मात्र गोंद लावून चिकटवून दिलं.